तहहयात मानद

खुटबाव, ता. दौंड
४ डिसेंबर २०२५

श्रीमती शितल कोकरे यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण एक घोंगडी. ऑफिसातल्या लोखंडी कपाटावर घडी करून ठेवलेली सापडली. काळी आहे, काठाला पांढरी पट्टी आहे. तुम्ही सप्टेंबरात गेलात तेव्हा आपली पुस्तकं, कुंडी आणि पाण्याची बाटली नेलीत, ही राहिली. ती संस्थेच्या मालकीची नाही, तेव्हा कुणाला तरी पाठवून घेऊन जावी.

एवढ्यासाठी फोन करता आला असता. पण फोनवर मी तोडून बोलते असं म्हणतात. दौंडला आमच्या कॉन्व्हेंटात शुक्रवारी शेवटच्या तासाला पत्र लिहावं लागे, तेही ज्याच्याशी भांडण झालंय त्यालाच. सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, कागदावर माणसाला ओरडता येत नाही. मला येतं. पण ते असो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी ‘ओसरी’चं वर्तमान कळवते. आपली सगळी मुलं बरी आहेत. मुलं म्हणायची आपली सवय. वयानं कुणी तिशीचं, कुणी पन्नाशीचं, बुद्धीनं मात्र शाळेच्या पहिल्या बाकावरून न उठलेलं. त्यांचे आईबाप थकले म्हणून ती आपल्याकडे. पिंकी संध्याकाळी फाटकाशी उभी राहते. तुमच्या स्कूटरची वेळ तिला घड्याळ न कळता कळते. मी तिला सांगितलं, शितलताई आता येणार नाहीत. ती म्हणाली, "व्हय," आणि उभीच राहिली.

एमआयडीसीतल्या कंपनीचे ते साहेब, जे तुमच्याशी तासभर बोलायचे, ते माझे फोन घेत नाहीत. त्यांच्या ऑफिसातल्या मुलीनं मला ‘इम्पॅक्ट रिपोर्ट’ मागितला. म्हणजे आपल्या कामाचा काय परिणाम झाला, ते. मी लिहून पाठवलं: "पिंकी पूर्वी चपला उलट्या घालत असे, आता सुलट घालते. हा परिणाम." शिकवलंत तुम्ही, हे लिहायचं राहिलं. उत्तर आलेलं नाही. चाळीस वर्षं सरकारी बँकेत काढून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या बाईला पत्र कसं लिहावं हे कळत नाही, असं मला वाटत नाही. त्यांनाच वाचता येत नसावं.

आता आडपडदा न ठेवता लिहिते. तुमच्या पगाराविषयी मी वार्षिक सभेत जे बोलले ते माझं मत होतं, आणि आजही आहे. लोकांच्या दानावर चालणाऱ्या संस्थेच्या संचालिकेनं महिना पावणेदोन लाख घ्यावेत आणि सगळ्यांचा स्वयंपाक करणाऱ्या तानुबाईला अकरा हजार मिळावेत, हे माझ्या गळी उतरत नाही. तुम्ही म्हणालात, चांगलं माणूस हवं तर चांगला पगार द्यावा लागतो. मी म्हणाले, मग चांगुलपणाला काय द्यायचं? टाळ्या पडल्या. वाक्य चांगलं होतं, हे तुम्हीही मान्य कराल.

त्या सभेत इतर जे काही बोललं गेलं, त्याची जबाबदारी माझी नाही.

घोंगडीचं तेवढं बघा.

आपली,
सुषमा पलांडे
मानद सचिव व तहहयात मानद संचालिका

ता. क. औषधांच्या कपाटाची किल्ली कोणती? जुडग्यातल्या सगळ्या सारख्याच दिसतात. परवा पिंकीची फिटची गोळी काढायला तानुबाईला वरवंट्यानं कुलूप फोडावं लागलं.

———

खुटबाव
२९ डिसेंबर २०२५

शितलताई,

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी लिहिल्यात. किल्लीला तांबडा दोरा बांधलेला आहे, हे खरं निघालं. मी इतके दिवस तो दोरा देवाचा समजत होते.

घोंगडीविषयी तुम्ही लिहिलंत, "राहू द्या, खुटबावला थंडी फार असते." आभारी आहे. मी ती वापरत नाही.

वाचून तुम्हाला प्रश्न पडेल की शिरूरला स्वतःचं घर असताना मी खुटबावची थंडी कशाला मोजते आहे. तर मी ऑक्टोबरपासून इथे ऑफिसातच कॉट टाकून राहते. शिरूरचं घर बंद आहे. शेजारीण फोनवर सांगते, तुमच्या पेरूला पाखरं लागली. लागू देत. निदान कुणाच्या तरी उपयोगी.

हे कसं घडलं ते तुम्हाला माहीत नाही, कारण माझं भाषण झाल्यावर तुम्ही उठून गेलात. मग थोडा गोंधळ झाला, आणि त्यानंतर आनंदराव उभे राहिले. आपल्या अध्यक्षांचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल, शाल आणि नारळ असतोच. माइक हातात घेऊन म्हणाले, "ताईंनी आज आपले डोळे उघडले. एक रुपया न घेता ही माउली येवढी वर्षं सचिवपद सांभाळती. मी ठराव मांडतो की हितून पुढं ‘ओसरी’चा सगळा कारभार ताईंनीच बघावा. तहहयात. मानद!" हात वर झाले. शाल अंगावर आली, नारळ ओटीत आला, कुणीतरी डोक्याला फेटाही बांधला. माझ्याच डोळ्यांवर घसरला तो.

तुम्ही बाहेरून शिकून आलात, तरी याच तालुक्यातल्या. तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे माणसाला कामाला जुंपायचं तर हुकूम देत नाहीत, सत्कार करतात. हुकूम नाकारता येतो. चारशे लोकांसमोर घेतलेला नारळ परत कसा करणार? मी दिवाळीनंतर प्रयत्न केला. आनंदरावांच्या घरी गेले, म्हणाले, मला हे झेपत नाही, राजीनामा घ्या.

"राजीनामा? कशाचा वो ताई?"

"संचालिकापदाचा."

"नोकरीचा राजीनामा असतो. तुमची कुठं नोकरी हाय? तुमची तर सेवा हाय." मग चहाची बशी पुढं सरकवत हसले. "आन् ठरावात तहहयात म्हटलंय. हयात हाय न्हवं अजून तुमी?"

मी बशीतला चहा प्यायले आणि एसटीनं परत आले. 

कंपनीचे पैसे बंद झाले ते तुम्हाला कळलंच असेल. मी आनंदरावांना विचारलं, आता किराणा कशातून भरायचा? म्हणाले, "वाढदिवस हायत की!" तुम्ही वाढदिवस बंद केले होतेत, तेव्हा मला तो शहरी शिष्टपणा वाटला होता. गावातला माणूस आपल्या वाढदिवसाला चार जिवांना गोड जेवू घालतो, त्यात वाईट काय? आता मी रोज बघते. दौंड तालुक्यात एवढे युवानेते असतील असं वाटलं नव्हतं. गाडी येते, फ्लेक्स लागतो, मुलांना ऊन असेल तिथे ओळीनं बसवतात. केक आधी पुढाऱ्याच्या तोंडाला, मग फोटोपुरता पिंकीच्या तोंडाला. मग जिलेबी. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुलांची पोटं बिघडतात आणि तानुबाई चादरी धूत बसते. आणि मी? मी प्रत्येकाच्या गळ्यात हार घालते. कारण संध्याकाळचं पीठ त्याच्याच गाडीतून यायचं असतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

शुक्रवारी आनंदरावांच्या मुलाचा, विक्रमचा वाढदिवस होता. दुपारी डीजे आणला. मी म्हणाले, मुलं आवाजाला घाबरतात. विक्रम म्हणाला, "दोनच गाणी, ताई." दुसऱ्या गाण्याला फटाक्यांची माळ लावली. मी त्या वेळी कुठे होते? मंचावर. माझा सत्कार चालला होता. शाल माझ्या खांद्यावर नीट बसत नव्हती म्हणून दोघं जण ती ओढून बसवत होते, फोटोग्राफर म्हणत होता, "मॅडम, इकडं बघा."

फोटो झाला आणि तानुबाई ओरडली, "पिंकी कुटं हाय?"

फाटक सताड उघडं होतं. डीजेची गाडी आत घेताना उघडलेलं, कुणी लावलंच नव्हतं.

पोरांनी मोटारसायकली काढल्या. कुणी स्टेशनकडे गेलं, कुणी कालव्यावर. कालव्यावर, शितलताई. मी फाटकात उभी राहिले, पिंकी जिथे रोज उभी राहते त्याच जागी. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. शेवटी भांडगावहून फोन आला. पुणे-सोलापूर महामार्गाच्या मधल्या दुभाजकावर ती बसली होती. दोन्ही बाजूंनी कंटेनर. एका ट्रकवाल्यानं आपला ट्रक तिच्यापुढे आडवा उभा केला होता, मागून येणारे त्याला शिव्या घालत होते आणि तो हात जोडून सगळ्यांना एकच सांगत होता, "दीदी डरी हुई है, भाई, हटाने से भागेगी." मी गेले तेव्हाही ती उठेना. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पायात चपला होत्या. सुलट.

तिचे आईवडील वरवंडहून आले. हौसराव ट्रकवाल्याचा हात धरून उभे राहिले. साखरबाई पिंकीला पदराखाली घेऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "साखरबाई, काय बोलायचं ते बोला मला."

ती म्हणाली, "तुमाला काय बोलू? शितलबाईला मी दोनदा शिव्या घातल्यात. एकदा पोरीच्या डोक्यात उवा झाल्या तवा, आन् एकदा पोरगी पडली तवा. पगार घेती म्हणून घातल्या. तिनं बी ऐकून घेतल्या, दुसऱ्या दिवशी बाई आणून पोरीचं डोकं साफ केलं. तुमी फुकट राबताय. तुमाला बोलले तर लोक मलाच म्हणत्याल, देवमाणसाला बोलती, कुठं फेडशील."

मग म्हणाली, "फुकटच्याला बोलता बी येत न्हाई, सुषमाताई."

मी आयुष्यात पुष्कळांचे अपमान केले आणि काहींचे सहनही केले. पण आपला अपमानसुद्धा कुणाला करता येऊ नये, एवढी उंच मी कधी जाऊन बसले, ते मला कळलं नाही.

पिंकी बरी आहे. ताप होता, उतरला. आज संध्याकाळी परत फाटकाशी उभी होती. फाटकाला मी आता कुलूप लावते. त्याची किल्ली माझ्या गळ्यात असते. आत ती आणि आत मी.

तुम्ही हल्ली शिरूरकडच्या त्या फ्रिजच्या कारखान्यात कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर आहात असं ऐकलं. इथल्याहून जास्त पगार मिळतो, असंही. फ्रिज विकण्याबद्दल तुम्हाला किती मिळतं, यावर शिरूरला अजून कुणी सभा बोलावलेली नाही.

आणखी काही लिहायचं नाही. मागच्या पानावर एक गोष्ट खोटी लिहिली होती. घोंगडी मी वापरते. कपाटात सत्काराच्या शालींची चळत आहे, एकीतही ऊब नाही. सगळ्या नायलॉनच्या.

आपली,
सुषमा पलांडे
मानद संचालिका

———

खुटबाव
२७ जानेवारी २०२६

प्रिय शितल,

तुझं पत्र आल्या दिवशी मी ते चार वेळा वाचलं आणि चारही वेळा चिडले. मी तुला परत ये म्हटलंच नव्हतं. दुसरं पत्र पुन्हा वाचून बघ, कुठेही म्हटलेलं नाही. आणि तू मात्र सरळ लिहिलंस, "मी येईन की नाही ते नंतर ठरवू. आधी तुम्ही ज्या महिन्यांचं काम केलंत त्यांचा पगार घ्या. मागून घ्या, चारचौघांत. आणि घेतल्यावर दान म्हणून परत देऊ नका. पगार घेणाऱ्याला नोटीस देता येते, ताई. मानद माणसाला काहीच देता येत नाही."

हा आगाऊपणा आहे, असं मी तानुबाईला म्हणाले. तिनं विचारलं, काय लिवलंय? मी सांगितलं. ती भाकरी थापतच म्हणाली, "मंग घ्या की. म्या न्हाई का घेत?"

मी दोन दिवस तानुबाईशी बोलले नाही.

मला पैशाची गरज नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मला पेन्शन आहे, घर आहे, कुणी मागे नाही. पण मग मला आठवलं की बँकेत मी एक दिवसही फुकट काम केलेलं नाही. महागाई भत्त्याचे चार रुपये कमी पडले तर मी पुण्याच्या विभागीय कार्यालयाला पत्र लिहायचे. तेव्हा मी माझ्या नजरेत कमी झाले नाही. मग इथेच का व्हावं? सभेत मी सिस्टर बर्नाडेटचं उदाहरण दिलं होतं, त्यांनी आयुष्यभर पगार घेतला नाही म्हणून. तेही पुन्हा तपासून पाहिलं. सिस्टरना पगार नव्हता, पण त्यांना घर होतं, ठरल्या वेळची जेवणाची घंटा होती, आजारात दुसऱ्या सिस्टर होत्या. आणि दर काही वर्षांनी त्यांची बदली व्हायची. आम्ही रडायचो, त्या ट्रंक उचलून गाडीत बसायच्या. त्यांना जाता येत होतं. हे मी सभेत सांगितलं नव्हतं, कारण हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं.

काल झेंडावंदनानंतर विश्वस्तांची सभा होती. पालक बोलावलेले होते. आनंदरावांनी नेहमीप्रमाणे माझ्यापासून सुरुवात केली, शाल पिशवीतून काढली. मी म्हणाले, "शाल ठेवा. मला पगार हवाय."

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करते आहे. मीही क्षणभर तशी पळवाट शोधली. मग माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "ऑक्टोबरपासून मी इथे रात्रंदिवस काम करते आहे. शितल कोकरेला होता तेवढाच पगार मला मिळावा. पावणेदोन लाख."

आता कुणी हसेना.

"ताई," आनंदराव म्हणाले, "चेष्टा करता व्हय?"

"नाही."

"तुमाला तर पेन्शन हाय!"

"तुम्हालाही ऊस आहे. तुम्ही साखर कारखान्याच्या मीटिंगचा भत्ता सोडता का?"

मागून कुणीतरी म्हणालं, आणि मुद्दाम मला ऐकू येईल असं म्हणालं, "बाई बी पैशाचीच निघाली." शितल, मी हे वाक्य तुझ्याबद्दल दहा वेळा ऐकलं असेल. अंगावर आलं की ते कसं लागतं, ते काल कळलं. कानशिलं पेटली माझी. शाल ज्यांनी धरली होती त्यांनी ती घडी करून परत पिशवीत घातली. इतक्या पटकन घडी घातली की मला हसू आलं.

आणि मग मी ते बोलले, जे तुला दोन पत्रांत लिहू शकले नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "मग थोडा गोंधळ झाला." काय गोंधळ होता तो तुला माहीत आहे. मलाही. तू दारापर्यंत पोचली होतीस. व्यासपीठावरच्या दुसऱ्या रांगेतून एक जण मोठ्यानं म्हणाला, "मेंढरामागं फिरणाऱ्याच्या लेकीला पावणेदोन लाख! अख्ख्या कळपाएवढा पगार!" आणि शेवटच्या बाकावर तुझे वडील बसले होते. गेणबा. इस्त्रीचा सदरा घालून, लेक अहवाल वाचणार म्हणून आले होते. ते हसणाऱ्यांकडे बघत बसून राहिले. तू परत आलीस, त्यांचा हात धरलास आणि नेलंस. त्यांचा हात धरून तू अजून बाहेर चालतच होतीस, तेव्हा इकडे ठराव होऊन माझ्या खांद्यावर शाल पडत होती. मी मान खाली केली. ती शाल नीट बसावी म्हणून केली.

मी तुझ्या पगाराविरुद्ध बोलले, त्याची मला लाज नाही. ती मान खाली केली, त्याची आहे.

काल मी माइकवर म्हणाले, "मी पावणेदोन लाख मागितले. तुम्ही मला लोभी म्हणालात. म्हणा. पण मी कुणाची लेक आहे, हे एकानंही विचारलं नाही. माझे वडील दौंडला मालगाडीवर गार्ड होते. आयुष्यभर शिट्टी फुंकली आणि झेंडी हलवली. कुणी म्हणालं का, शिट्टी फुंकणाऱ्याच्या लेकीला पावणेदोन लाख? मग मेंढरामागे फिरणाऱ्याचीच लेक तुम्हाला का आठवली?"

दुसऱ्या रांगेतले गृहस्थ आपल्या मोबाइलमध्ये बघू लागले. सगळीच रांग बघू लागली.

आनंदराव भडकले. सत्कारमूर्ती पगार मागते, हे त्यांच्या कुठल्याच भाषणात बसत नव्हतं. म्हणाले, "येवढं पैसं तुमच्या वयाच्या बाईवर घालवायचं, तर मंग चांगलं शिकल्यालं, तरणं माणूस आणू की आम्ही! त्याला देऊ पगार!"

मी म्हणाले, "आणा. लिहून घ्या तसं."

त्यांना कळलं काय झालं ते. तोंड उघडलं त्यांनी, पण तेवढ्यात हौसराव उठले. कधी न बोलणारा माणूस. म्हणाले, "माझं अनुमोदन हाय. पगारी माणूस आना. माझी पोर रस्त्यात बसली हुती." साखरबाईनं बसल्या जागेवरून हात वर केला, मग बाकीच्या आयांनी. आनंदराव पुढारी आहेत, वर झालेले हात मोजल्याशिवाय त्यांना कळतात. ठराव झाला: पगारी संचालक नेमावा. आणि माझ्या झालेल्या महिन्यांचे पैसे? पावणेदोन लाखांवरून घासाघीस करून महिना तीस हजारांवर आले. मी मान्य केले. चेक देताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, फोटोही काढला नाही.   चेक दान केलेला नाही. बँकेत भरलाय.

मग मी पर्समधून दुसरा कागद काढून आनंदरावांना दिला. राजीनामा. एक महिन्याच्या नोटिशीसकट.

"आन् तहहयात?" ते म्हणाले.

"ते सेवेचं होतं. माझी आता नोकरी आहे. नोकरीचा राजीनामा असतो, तुम्हीच मला सांगितलंत."

हे सगळं वाचून मी जिंकले असं तुला वाटेल. तसं नाही. काल संध्याकाळी मी किराण्याला वरवंडला गेले. दुकानदार नेहमी स्टूल पुढे करतो, काल केलं नाही. शिरूरच्या शेजारणीचा फोन आला, तिच्यापर्यंत पोचलंच होतं. तिनं पेरूचं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "खरं का हो?" मी म्हणाले, "खरं." सत्तरी ओलांडेपर्यंत जपलेलं नाव एका दुपारीत गेलं. त्याला भाव किती होता, असं तू विचारशील. महिना तीस हजार.

आणि सुटका झालीय असंही नाही. महिन्याभरात कुणी आलं नाही, तर आनंदराव विक्रमला बसवतील, हे मी आत्ताच लिहून देते. त्याला ठरावाप्रमाणे पगारही देतील. म्हणजे फाटकात डीजेची गाडी. ते मी होऊ देणार नाही, म्हणजे पुन्हा हीच कॉट, हीच किल्ली गळ्यात. तू येतेस की नाही यावर माझं दार उघडतं की नाही ते अवलंबून आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच लिहिते आहे, आणि लिहिताना मला फार राग येतो आहे.

आलीस तर आधीच सांगते, माझं मत तेच आहे. पावणेदोन लाख जास्त आहेत. आधी तानुबाईचे अकरा हजार किती करायचे ते बोलू, मग तुझे. मी तुझ्याविरुद्ध पुन्हा सभेत भाषण करीन. पण ते तू समोर बसलेली असताना, आणि गेणबा पहिल्या रांगेत. कुणी मेंढरांचं नाव काढलं, तर मला माझी शालींची चळत एकदाची उपयोगी पडेल. तोंडात कोंबायला.

पिंकीला मी काल विचारलं, शितलताईंना काय लिहू? तिनं बराच विचार केला. म्हणाली, "चप्पल."

तू शिकवलीस तशी सुलट घालते, हे तुला कळवायचं होतं तिला.

गेणबांना माझा नमस्कार सांग, असं लिहिणार होते. सांगू नकोस. नोटीस संपली की मी स्वतः घोंगडी घेऊन येईन आणि जे म्हणायचं ते त्यांच्यासमोर म्हणेन. त्यांनी ऐकून घेतलं नाही, तर ती घोंगडी त्यांच्या ओट्यावर ठेवून परत जाईन. पण त्यासाठी आधी मला या फाटकातून बाहेर पडता आलं पाहिजे.

तुझी वाट पाहणारी,
सुषमा पलांडे
पगारी संचालिका, ओसरी
(एक महिन्याच्या नोटिशीवर)